बंद पेटीतील वादळ

प्रस्तावना

घराच्या एखाद्या कोपऱ्यात जुनी सायकल, बंद पडलेली स्कूटर किंवा आजीचे शिवणयंत्र पडून असते. त्याचे भाग सुटे केले, की पहिला सामना गंजाशी होतो. तारेचा ब्रश आणि पॉलिश कागद घेऊन माणूस तासन्‌तास घासत बसतो. सपाट भाग उजळतात; परंतु खाचा, कोपरे आणि आटे तसेच राहतात. जिथे ब्रशचा केस पोहोचत नाही, तिथे वाऱ्याबरोबर आलेला कण पोहोचतो, या साध्या जाणिवेतून एक यंत्र निर्माण झाले. बंद पेटीत कठीण कणांचा झोत सोडून वस्तू साफ करणारे हे यंत्र आता घरगुती कार्यशाळेतही दिसू लागले आहे. ते कसे चालते, कसे जोडावे, बिघडल्यास कसे दुरुस्त करावे आणि मुळात ते बंद का असावे लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कणझोत-पेटीचे मुख्य भाग व त्यांचे कार्य सांगता येईल;
• पेटी जोडण्याचा क्रम स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल;
• लक्षणावरून बिघाडाचे कारण शोधण्याची रीत समजेल;
• वाळूच्या धुळीचा धोका स्पष्ट करता येईल;
• सूचना देणाऱ्या लेखनातील क्रियापदांची रूपे ओळखता येतील.

मूळ पाठ

वारा आणि वाळू

वाळवंटातील खडकांना वारा आकार देतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः नुसता वारा खडकाला काहीच करू शकत नाही. त्याच्या हातात वाळूचा कण असतो, म्हणून तो खडक झिजवतो. निसर्गाला ज्या कामासाठी हजारो वर्षे लागतात, तेच काम काही क्षणांत करून घेण्याची युक्ती अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी काढली. वाफेच्या किंवा हवेच्या झोताबरोबर वाळू फेकून कठीण पृष्ठभाग कापण्याच्या व घासण्याच्या या पद्धतीचे पेटंट त्यांना १८७० साली मिळाले. काचेवर नक्षी काढणे, दगडावर अक्षरे कोरणे, ओतीव लोखंड साफ करणे अशी कामे त्यामुळे सोपी झाली.

त्याच १८७० साली इटलीतील मिलान येथील आकिले व्हिस्कोंती या वैद्यकाने एका आजाराला ‘सिलिकोसिस’ हे नाव दिले. गारगोटीसाठी असलेल्या ‘सायलेक्स’ या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे. दगडाची धूळ श्वासावाटे आत गेल्यामुळे फुप्फुसे निकामी होणे, हे या आजाराचे स्वरूप होय. एकाच वर्षी एका देशात वाळू वेगाने उधळण्याचे साधन जन्माला आले आणि दुसऱ्या देशात त्या धुळीने होणाऱ्या रोगाचे नामकरण झाले. हा केवळ योगायोग होता. परंतु पुढे या दोन गोष्टींचा संबंध फार दुःखद रीतीने जुळला.

वाळूचा कण वेगाने आदळला, की फुटतो. फुटलेल्या कणांपैकी साधारण ५ मायक्रॉनहून लहान असलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकातील केसांना अडवता येत नाहीत आणि तोंडाला बांधलेल्या रुमालातून सहज पार होतात. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जाऊन बसतात. तेथे व्रण तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जाते. हा आजार बरा करणारे औषध नाही. धुळीचे काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो, शिवाय अशा रुग्णाला क्षयरोग होण्याची शक्यता वाढते.

म्हणूनच ब्रिटनमध्ये १९४९ साली केलेल्या नियमांनी अशा कामात वाळू वापरण्यास मनाई केली. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला अधिसूचित रोगांच्या यादीत स्थान दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या स्फटिकमय सिलिकाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. तरीही धडा पुन्हापुन्हा शिकावा लागला. जीनच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी तुर्कस्तानात वाळूचा झोत वापरला जाई. त्या कामातील अनेक तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडले आणि २००९ साली तेथील सरकारने ही पद्धत बंद केली. आपल्या देशात मध्यप्रदेशातील मंदसौरचे पाटीवरची पेन्सिल बनवणारे आणि गुजरातमधील खंभातचे अकीक घासणारे कारागीर याच धुळीने ग्रासले गेले. त्यांच्या हाती झोताचे यंत्र नव्हते; पण धूळ तीच होती.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे पेटीचे खरे प्रयोजन कळते. गंज काढण्याचे काम झोत करतो. पेटीचे काम त्या झोतातून उठणारे वादळ कोंडून ठेवणे हे आहे.

पेटीची रचना

घरगुती पेटी बहुधा पोलादी पत्र्याची असते. तिचा वरचा भाग चौकोनी असून तळ नसराळ्यासारखा उतरता असतो. मध्ये लोखंडी जाळी असते. वस्तू जाळीवर ठेवतात आणि वापरलेले कण जाळीतून खाली घसरून पुन्हा नसराळ्याच्या टोकाशी जमा होतात. पुढच्या बाजूला दोन गोल छिद्रे असून त्यांना कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे आतून जोडलेले असतात. वर काचेची खिडकी, आत दिवा, बाजूला किंवा वर झाकण, मागे धूळ ओढून घेण्याचे तोंड आणि आत झोत सोडणारी बंदूक, इतका हा संसार असतो.

बंदुकीची रचना समजण्यास सोपी आहे. पूर्वी घरोघरी डास मारण्यासाठी हातपिचकारी वापरत. तिच्यातील हवा नळीच्या तोंडावरून वेगाने गेली, की खालच्या डब्यातील औषध आपोआप वर चढे. येथेही तेच घडते. बंदुकीच्या आतील बारीक छिद्रातून दाबाखालची हवा वेगाने बाहेर पडते. त्यामुळे बंदुकीच्या पोकळीतील दाब कमी होतो. नसराळ्याच्या टोकाशी बुडवलेल्या नळीतून बाहेरची हवा कणांना घेऊन वर येते आणि पुढच्या तोटीतून, म्हणजे नोझलमधून, हवा व कण एकत्र उडतात. कण शोषून घेणाऱ्या या रचनेत तोटीचे भोक हवेच्या छिद्राच्या सुमारे दुप्पट असावे लागते.

हवेचा हिशेब

नवख्या माणसाची निराशा होते ती बहुधा येथेच. पेटी आणली, जोडली, बंदुकीचा खटका दाबला; अर्धा मिनिट झोत जोरात आला आणि मग मंदावला. पेटीत दोष काहीच नसतो. हिशेब चुकलेला असतो.

साडेपाच बार दाबाची हवा ३ मिलिमीटर छिद्रातून सोडली, तर मिनिटाला सुमारे ४५० ते ५०० लिटर हवा खर्च होते. २ अश्वशक्तीचा लहान कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण २०० लिटर हवा देऊ शकतो. मिळकतीपेक्षा खर्च दुपटीहून अधिक झाल्यावर टाकी रिकामी होणारच. छिद्र २ मिलिमीटरचे केले, तर खर्च २०० लिटरच्या आसपास येतो. कारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात हवा खर्च होते. काम सावकाश होते, पण अखंड होते. मोठा कॉम्प्रेसर घेणे शक्य नसेल, तर लहान छिद्र आणि त्याच प्रमाणात लहान तोटी निवडणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

जोडणीचा क्रम

पेटीचे भाग सुटे येतात. ते एका स्वच्छ जागी मांडून यादीशी ताडून पाहावेत. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून कामाचे हातमोजे घालावेत.

प्रथम नसराळ्याचे चार उतरते पत्रे जोडावेत. प्रत्येक सांध्यावर सीलंटची अखंड रेघ ओढूनच दुसरा पत्रा बसवावा. बोल्ट आधी सर्व बाजूंनी हाताने लावून घ्यावेत. एकच बाजू पान्याने आवळली, तर समोरच्या बाजूची भोके जुळत नाहीत. दोन्ही कर्णांची लांबी मोजून ती सारखी असल्याची खात्री झाली, की समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. त्यानंतर पाय आणि वरची पेटी बसवावी. आतल्या कोपऱ्यांतून बोटाने सीलंट दाबून बसवावे व ते पूर्ण वाळेपर्यंत पेटीला हात लावू नये. घाई करून त्याच दिवशी यंत्र चालवले, तर ओल्या सीलंटमधून हवा वाट काढते आणि ती वाट पुढे बंद होत नाही.

मग खिडकीची काच बसवावी. कण उसळून काचेवर आदळतात व ती धुरकट होते. म्हणून काचेला आतून पातळ पारदर्शक पडदा लावावा. तो खराब झाला, की बदलता येतो. हातमोज्यांची तोंडे छिद्रांच्या कड्यांवर ताणून पट्ट्याने घट्ट करावीत. झाकणाच्या कडेला फोमची पट्टी सलग चिकटवावी आणि तिचे दोन्ही टोक कोपऱ्यावर न आणता सरळ बाजूवर जुळवावे.

धूळ ओढण्यासाठी मागच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर जोडतात. मात्र धूळ सरळ त्याच्या पिशवीत गेली, तर पिशवी लवकर तुंबते. मध्ये धूळ गोल फिरवून खाली पाडणारा डबा ठेवल्यास जड धूळ त्यातच राहते. उरलेली अतिसूक्ष्म धूळ अडवणारी गाळणी नसेल, तर क्लीनर ती खोलीतच परत सोडतो. म्हणून गाळणी उत्तम प्रतीची असावी किंवा क्लीनरची बाहेर पडणारी हवा माणसांच्या वावरापासून दूर नेऊन सोडावी. हवा बाहेर ओढायची तर ती आत येण्यासही वाट हवी. समोरच्या बाजूला वळणाची, आडपडदा असलेली झडप ठेवावी, म्हणजे हवा आत येते पण कण बाहेर उडत नाहीत. आतली हवा किंचित विरळ राहिली, तर एखादी फट असली तरी बाहेरची हवा आत शिरते. आतली धूळ बाहेर येत नाही.

कॉम्प्रेसर आणि बंदूक यांच्या दरम्यान पाणी वेगळे करणारा गाळप-कप व दाब नियंत्रक बसवावा. शेवटी पेटी आणि बंदूक दोन्ही अर्थिंगला जोडावीत. वेगाने धावणाऱ्या कोरड्या कणांमुळे स्थिर वीज साठते आणि काम करणाऱ्याला झटके बसतात.

जोडणी झाल्यावर लगेच कण भरू नयेत. रात्री खोलीतील दिवे मालवून पेटीतला दिवा लावावा. ज्या फटीतून उजेड बाहेर दिसेल, तिच्यातून उद्या धूळ बाहेर येणार आहे. त्या जागेवर खडूने खूण करून ती बुजवावी. यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. केवळ सावकाश पाहण्याची तयारी लागते.

कण कोणते वापरावेत

नदीची किंवा समुद्रकाठची साधी वाळू फुकट मिळते म्हणून पेटीत भरण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, आणि क्वार्ट्‌झ म्हणजेच स्फटिकमय सिलिका. पेटी कितीही घट्ट असली, तरी झाकण कधीतरी उघडावे लागतेच.

काठिण्याच्या मोस मापनश्रेणीवर क्वार्ट्‌झचे स्थान ७ आहे. तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे ९ आहे. जुना गंज व रंग काढण्यासाठी ते उपयोगी पडते आणि अनेकदा वापरता येते. गार्नेट हे खनिजही या कामी येते. तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूतून ते वेगळे काढले जाते. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूसाठी काचेचे बारीक गोल मणी चांगले. त्यांनी धातू फारसा झिजत नाही व पृष्ठभागावर मऊ चकाकी येते. काचेतही सिलिका असते. पण तिची रचना स्फटिकमय नसल्यामुळे वाळूसारखा धोका नसतो. मण्यांसाठी ३ ते ४ बार दाब पुरतो. दाब वाढवल्यास मणी फुटतात आणि काम बिघडते. कण कोणतेही असले, तरी त्यांची धूळ छातीत जाऊ देऊ नये. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते, ही गोष्टही विसरू नये.

पाठगत प्रश्न – १

१. नुसता वारा खडक का झिजवू शकत नाही?
२. २ मिलिमीटरचे छिद्र लहान कॉम्प्रेसरला योग्य का ठरते?
३. पेटीतली हवा किंचित विरळ ठेवण्याचा फायदा कोणता?

बिघाड आणि दुरुस्ती

वैद्य नाडी पाहून रोग ओळखतो, तसे येथे लक्षण पाहून कारण ओळखावे. कोणत्याही दुरुस्तीपूर्वी कॉम्प्रेसरची वीज बंद करावी, हवेची कळ फिरवावी आणि नळीत उरलेला दाब सोडून द्यावा.

हवा येते, पण कण येत नाहीत – ही सर्वांत नेहमीची तक्रार. बहुधा कण ओलसर होऊन त्यांचे गोळे झालेले असतात. हवा दाबली, की तापते. नळीतून जाताना निवते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. पावसाळ्यात, विशेषतः कोकण, गोवा किंवा केरळसारख्या किनारी प्रदेशांत, हे पाणी फारच जाणवते. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून पाणी काढावे, गाळप-कप रिकामा करावा आणि कॉम्प्रेसरपासून कपापर्यंतची नळी लांब ठेवावी, म्हणजे हवा कपात येण्यापूर्वीच निवते. ओले कण उन्हात वाळवून व चाळणीने चाळून पुन्हा वापरता येतात. चाळताना धूळ उडते, म्हणून एन-९५ मुखपट्टी लावावी. नळीला एखादे भोक पडले असले, तरी शोषण नाहीसे होते. म्हणून नळी वाकवून तपासावी.

झोत धापा टाकल्यासारखा तुटक येतो – पेटीत कण प्रमाणाबाहेर भरले, तर नळीचे तोंड त्यांत पूर्ण गाडले जाते. कणांबरोबर हवाही वर यावी लागते. थोडे कण कमी करावेत किंवा नळी जराशी वर ओढावी.

काम पूर्वीपेक्षा मंदावले – तोटी झिजली असण्याचा संभव असतो. भोक मूळ मापाहून दीड मिलिमीटरने वाढले, की तोटी बदलावी. सिरॅमिकची तोटी स्वस्त, पण लवकर झिजते. टंगस्टन कार्बाइडची अधिक टिकते आणि बोरॉन कार्बाइडची सर्वांत जास्त. तोटी ठीक असेल, तर कणांची धार गेली असेल. वारंवार आदळून त्यांचे पीठ होते. असे कण टाकून नवे भरावेत.

आतले काही दिसत नाही – आधी खिडकीचा पडदा पाहावा. तो स्वच्छ असूनही धुके दिसत असेल, तर धूळ ओढणारी नळी किंवा गाळणी तुंबलेली आहे. उलट, धूळ जमण्याच्या डब्यात चांगले कणही येऊ लागले, तर ओढ गरजेपेक्षा जास्त आहे. ती कमी करावी.

पेटीवर व जमिनीवर धुळीचा थर दिसतो – हा बिघाड किरकोळ वाटतो, कारण यंत्र उत्तम चालत असते. परंतु सर्व बिघाडांमध्ये हाच गंभीर मानावा. कण येत नसतील, तर काम थांबते. धूळ गळत असेल, तर काम चालूच राहते आणि नुकसान माणसाचे होते. यंत्र थांबवून उजेडाची चाचणी पुन्हा करावी. झाकणाची फोमपट्टी दबली असेल, तर बदलावी. हातमोज्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, त्या उलटवून पाहाव्यात. चिरलेल्या मोज्याला चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये.

काम संपल्यावर

वस्तू पेटीत ठेवण्यापूर्वी तिच्यावरील तेल व ग्रीस धुऊन काढावे, अन्यथा तेलकट झालेले सर्व कण वाया जातात. काम संपल्यावर लगेच झाकण उघडू नये. धूळ ओढणारे यंत्र आणखी दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे व आतले वादळ शमू द्यावे. झाकण उघडताना मुखपट्टी लावावी. खाली सांडलेली धूळ केरसुणीने झाडू नये किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तीच नळी अंगावरचे कपडे झटकण्यासाठीही वापरू नये.

इंजिनचे भाग साफ केले असतील, तर तेलाच्या वाटा वारंवार धुऊन काढाव्यात. आत राहिलेला एखादा कण फिरत्या भागांना कुरतडतो आणि दुरुस्त केलेले इंजिन पुन्हा बिघडते. साफ झालेल्या लोखंडाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. गंजाचे आवरण गेलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. म्हणून त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा.

जुन्या स्कूटरचा काळवंडलेला भाग पेटीतून राखाडी, स्वच्छ होऊन बाहेर येतो, तेव्हा करणाऱ्याला होणारा आनंद खरा असतो. मात्र ते काम चांगले झाले की नाही, याची परीक्षा केवळ त्या भागावरून होत नाही. पेटीशेजारच्या फळीवर बोट फिरवावे. बोट कोरे राहिले, तर काम चांगले झाले असे म्हणावे.

तुम्ही काय शिकलात

• कणझोताच्या पद्धतीचे पेटंट १८७० साली मिळाले. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.
• शोषणाच्या बंदुकीत कमी झालेल्या दाबामुळे कण वर येतात.
• हवेचा खर्च छिद्राच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.
• जोडणीत सांधे बुजवणे आणि दुरुस्तीत धुळीची गळती शोधणे, यांना सर्वाधिक महत्त्व आहे.
• साधी वाळू पेटीत कधीही वापरू नये.

भाषाविचार

‘बोल्ट आवळावेत’, ‘पाणी काढावे’, ‘मुखपट्टी लावावी’ या वाक्यांत आज्ञा नाही, तर कर्तव्य सुचवलेले आहे. क्रियापदाच्या अशा रूपाला विध्यर्थी रूप म्हणतात. सूचना करणाऱ्या लेखनात ते शोभून दिसते, कारण त्यात सांगणारा पुढे येत नाही. सांगितलेली गोष्ट पुढे येते. निषेध करताना याच रूपानंतर ‘नये’ न येता धातूचे ‘ऊ’कारान्त रूप येते, जसे – ‘उघडू नये’, ‘झाडू नये’.

स्वाध्याय

१. ‘सर्व बिघाडांमध्ये हाच गंभीर मानावा’, असे धुळीच्या गळतीविषयी का म्हटले आहे? सात-आठ वाक्यांत लिहा.
२. उजेडाची चाचणी कशी करतात, ते क्रमाने लिहा.
३. कारणे द्या : (अ) झाकण लगेच उघडू नये. (आ) साफ केलेल्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर लावावा.
४. पाठातून पाच विध्यर्थी क्रियापदे शोधा आणि त्यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या परिसरात दगड, विटा, काच किंवा धातू यांचे काम करणाऱ्या एखाद्या कारागिराला भेटा. धुळीपासून बचाव करण्यासाठी ते काय करतात, हे विचारून दहा ओळींत माहिती लिहा.